माहेरचा रकाना

"माहेर कुठलं?"

बाईंच्या दवाखान्यात शिरलेल्या प्रत्येक बाईला हा प्रश्न आधी यायचा. ताप, खोकला, कंबरदुखी यांचा नंबर त्यानंतर. स्टेथोस्कोपच्या नळ्या कानात, छातीला लावायची ती गार चकती उजव्या मुठीत धरलेली आणि मान जराशी तिरकी. समोरची बोलत असेपर्यंत चकती मुठीतून बाहेर येत नसे. कोणी माहेरच्या विहिरीपासून सुरुवात केली तरी बाई थांबायच्या. मग सावकाश मूठ उघडायची आणि चकती पाठीला लागायची. ती तोवर कोमट झालेली असे, हे बऱ्याच जणींच्या लक्षातही आलं नसेल.

पुरुषांना माहेर नसतं, म्हणून त्यांना "आजोळ कुठलं?" कारखान्यांत काम करणारी परप्रांतातली मुलं यायला लागली तेव्हा बाईंनी प्रश्न हिंदीत नेला. "तुम्हारे मामा का गाव कौनसा?" एक बिहारी पोरगा मशीनमध्ये बोट चेमटून आला होता. बोट राहिलं बाजूला, तो हात जोडून म्हणाला, "मैडम, मामा को मत बताइए." बाईंनी त्याला मामाला सांगणार नाही असं वचन दिलं आणि मगच टाके घातले.

मी बाईंचा शेजारी. पिरंगुटला पौड रस्त्यावर त्यांचा दवाखाना आणि त्याला लागून माझं औषधांचं दुकान. मी लातूरकडचा. नोकरी शोधत पुण्याला आलो आणि दुकान थाटून इथंच राहिलो. पहिल्याच आठवड्यात पोटात आग पडली म्हणून बाईंकडे गेलो, तर नळ्या कानात, चकती मुठीत, आणि "आजोळ कुठलं?" म्हटलं, औशाजवळचं एक खेडं. "मग तिखट कमी खा. सोडू नका, कमी खा." एवढ्यावर माझी तपासणी संपली. मला राग आला होता. औषधांचा दुकानदार मी, मला निदान एक गोळी तरी लिहून द्यायची! पण तिखट कमी केलं आणि आग थांबली, ते कबूल करायला हवं.

बाईंनी कधी मला नावाने हाक मारली नाही. त्यांच्या लेखी मी कायम "दुकानदार" होतो.

या प्रश्नामागे नुसती चौकशी नव्हती. मुठा खोऱ्यातल्या एकेका गावात जवळजवळ सगळ्यांचं आडनाव एकच. नावंही ठरलेली. मुठा गावात तर एकाच आळीत दोन हिराबाई, दोघींचे नवरे मारुती, आडनाव अर्थातच तेच. कंपाउंडरने बाहेरून "हिराबाई मारुती" अशी हाक दिली की बाकावरून दोघी उठायच्या आणि एकमेकींना "तू जा, तू जा" करायच्या. या गर्दीतून माणूस नेमका वेगळा काढायचा तर माहेर हाच एक उपाय. एक हिराबाई नेऱ्याची, दुसरी पौडची. शिवाय माहेर कळलं की बाईंना आईची साखर, मावशीचा दमा, आजीचा मोतीबिंदू सगळं आठवायचं, कारण त्या आयांना आणि मावश्यांनाही त्यांनीच तपासलेलं असे. कार्डं होती, बुटांच्या खोक्यांत गावागावाप्रमाणे लावलेली. पण बाई ती क्वचितच काढायच्या. त्यांचं सगळं डोक्यात.

एका सोमवारी मुठ्याची हिराबाई, म्हणजे नेऱ्याचं माहेर असलेली, रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी आली. मी काहीतरी विचारायला आत गेलो होतो, म्हणून हे माझ्यासमोर घडलं. बाईंनी नळ्या कानात घातल्या, चकती मुठीत धरली आणि विचारलं, "माहेर कुठलं?"

हिराबाई खळखळून हसली. "काय बाई, थट्टा करताय व्हय? माजी तिन्ही बाळंतपणं तुमी केली, अन् मला माहेर इचारताय?"

बाईही हसल्या. गोळ्या लिहिल्या. मीठ कमी खा, म्हणाल्या. सगळं नेहमीसारखं झालं.

दुपारी दवाखाना बंद करून त्या माझ्या दुकानात आल्या आणि स्टुलावर बसल्या. एरवी त्या उभ्यानेच बोलून जायच्या.

"दुकानदार, मी थट्टा करत नव्हते."

मला समजायला वेळ लागला. मी आपलं काहीतरी बोललो, "होतं असं, बाई. मी परवा मेहुण्याचं नाव विसरलो."

"तुम्ही ते विसरायला टपलेलेच होता. मला हे विसरायचं नव्हतं." मग रस्त्यावरच्या बसकडे बघत म्हणाल्या, "माझ्या खुर्चीत उद्या कोण बसेल ते मला ठाऊक नाही. पण जो बसेल त्याला ही माणसं ओळखता आली पाहिजेत. माझ्या डोक्यातलं जायच्या आत बाहेर काढायला हवं. तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे ना?"

होता. माझा कॉम्प्युटर सकाळी बिलं छापायचा आणि दुपारी माझ्याशी पत्ते खेळायचा. तेवढ्या भांडवलावर मी बाईंचा संगणक सल्लागार झालो. पेशंटच्या नोंदी ठेवणारी सॉफ्टवेअरं तेव्हा नुकतीच शहरातल्या दवाखान्यांत येऊ लागली होती. मी दोन-चार ठिकाणी फोन केले आणि विक्रेते पौड रस्त्याला लागले.

बाईंची निवडीची पद्धत त्यांच्या स्वभावासारखीच होती. माहितीपत्रक नको, भाषण नको. मुठ्याच्या कार्डांचं खोकं विक्रेत्याच्या हातात द्यायचं. "हे तुमच्या यंत्रात भरून आणा आणि सोमवारी माझ्या शेजारी बसा." सोमवारी मुठ्याची माणसं बाजार आणि डॉक्टर एका खेपेत उरकायची.

पहिला आला तो टाय लावलेला, गोड बोलणारा मुलगा. खोकं घेऊन गेला आणि सांगितल्या दिवशी मशीन आणि खोकं घेऊन हजर झाला. ज्यांच्या कार्डात जन्मतारीख नव्हती त्यांची तो स्वतः विचारून भरत होता, कारण त्याचं सॉफ्टवेअर नाव आणि जन्मतारीख यांवरून माणूस ओळखायचं. पहिला पेशंट म्हणाला, एक जून. दुसरा म्हणाला, एक जून. तिसरीनेही एक जून सांगितल्यावर मुलाने कीबोर्ड उलटा करून पाहिला.

शहरात वाढलेल्यांना हे सांगायला हवं. पूर्वी पोर शाळेत घालताना बापाला तारीख विचारली की तो म्हणायचा, भात लावत होतो तेव्हा झालं. गुरुजी त्यावरून वर्ष काढायचे आणि शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं म्हणून एक जून ठोकून द्यायचे. त्यामुळे अर्धं खोरं एकाच दिवशी जन्मलं आहे. मीही त्यातलाच, लातूरचे गुरुजी काही वेगळे नव्हते.

आम्ही सगळे हसत होतो. तेवढ्यात पौडची हिराबाई आत आली. घसा सुजलेला, अंगात ताप. मुलाने तत्परतेने तिची माहिती पडद्यावर आणली. बाईंनी चष्मा वर करून वाचली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली.

"हिचं दुसरं काही नाही यात?"

"नाही मॅडम. एकच हिराबाई मारुती आहेत. दोन कार्डं होती, पण नाव एक, कार्डावरची जन्मतारीखही वर्षासकट एक. आमच्या सिस्टिमनं डुप्लिकेट म्हणून दाखवलं, तर ऑपरेटरनं एक काढून टाकलं." त्याला वाटलं, बाई खूश होतील.

बाईंनी खोक्यातून पौडच्या हिराबाईचं कार्ड काढून त्याच्यासमोर धरलं. कोपऱ्यात लाल शाईत लिहिलं होतं, पेनिसिलिन देऊ नये. कोणे एके काळी सुईनंतर तिचा श्वास कोंडला होता आणि बाईंनी तिला तशीच जीपमध्ये घालून पुण्याला नेलं होतं. पडद्यावर ती लाल शाई नव्हती. पडद्यावरची हिराबाई नेऱ्याची होती आणि तिला पेनिसिलिन खुशाल चालत होतं.

"आज इथं मी आहे," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मी नसते तर?"

मुलाचा चेहरा उतरला. तो वाईट नव्हता हो. त्याने टाय सैल केला, हिराबाईला हात जोडले. तिला यातलं काही कळलं नव्हतं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की, लेकराला कशाला बोलताय? मला गोळी द्या, गाडी जाईल माजी." बाईंनी हिराबाईला चालेल ती गोळी दिली, मुलाला चहा दिला आणि दोघांनाही निरोप दिला. पण त्या दिवशी दुपारी त्या पुन्हा माझ्या स्टुलावर येऊन बसल्या.

दुसरी मंडळी हिंजवडीची. त्यांचं सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या डॉक्टरांसाठी केलेलं, दिसायला देखणं. त्यात पेशंटचा वंश होता, विमा कंपनी होती, रोज किती सिगारेटी ओढता तेही होतं. बाईंनी विचारलं, "मिश्री कुठं लिहू?"

"म्हणजे मॅडम?"

"भाजलेली तंबाखू. आमच्या बायका सकाळी दाताला लावतात. माझ्याकडच्या निम्म्या तोंडांचं दुखणं तिच्यातून येतं."

त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, बदल करायचा तर तिकडून मंजुरी आणावी लागेल. मग बाईंनी माहेरचा रकाना मागितला. त्यातल्या एकाला हसू आवरलं नाही. बाई त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "तुझं आजोळ कुठलं रे?" तो गडबडीत "धुळे" म्हणाला आणि एकदम साळसूद झाला. शेवटी बाईंनी विचारलं, "आणि गुरुवारी काय? आमच्याकडे गुरुवारी वीज नसते." याचं उत्तरही त्यांना तिकडूनच आणावं लागणार होतं. ते पुन्हा आले नाहीत.

मी वैतागलो होतो. म्हटलं, बाई, तुमच्या मनासारखं सॉफ्टवेअर ब्रह्मदेवही करणार नाही. त्यांनी मान डोलावली आणि मला आणखी दोन फोन करायला लावले.

आणि मग एक दिवस ते सॉफ्टवेअर मान आखडली म्हणून दवाखान्यात आलं. म्हणजे ते करणारी मुलगी आली. अमरावतीची, हिंजवडीला नोकरी, नेऱ्याला एका शेतकऱ्याच्या घरी खोली घेऊन राहायची. तिच्या घरमालकिणीचं माहेर पिरंगुट. माहेरच्या डॉक्टरशिवाय त्या घरमालकिणीचा कोणावर विश्वास नाही, म्हणून तिने या मुलीला स्कूटीच्या मागे बसवून एवढ्या लांब आणलं होतं.

"माहेर कुठलं?"

"मॅडम, लग्न नाही झालं माझं."

"मग आईचं माहेर सांग."

"का बरं? मान तर माझी दुखते ना."

हे विचारणारी ती पहिलीच. बाई तिच्यावर भलत्याच खूश झाल्या. मानेची तपासणी झाल्यावर त्यांनी तिला दोन्ही हिराबाई, लाल शाई, एक जून, सगळं सांगितलं. मुलगी मान धरून ऐकत होती. म्हणाली, "मॅडम, मी रविवारी येऊ का?"

ती पुढचे कितीतरी रविवार आली. बोलायच्या त्या दोघी, मला नुसतं बसवून ठेवायच्या. मुलगी बाईंना घाबरत नसे. बाईंचा एक हट्ट होता की सुनेचं पान उघडलं की सासूचं, नवऱ्याचं, सगळ्या घराचं एकत्र दिसलं पाहिजे. मुलगी म्हणाली, "नाही जमणार."

"का? तुला येत नाही?"

"येतं. पण पडदा टेबलावर असेल आणि शेजारी सासू बसलेली असेल. सुनेनं तांबी बसवली ते सासूला वाचायला द्यायचं का?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना कोणी असं अडवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "माझ्या डोक्यात सगळं एकाच घरात नांदत होतं. पण तिथं आत येणारी मी एकटीच होते, हे विसरले." हट्ट त्यांनी तिथल्या तिथे सोडला. इतक्या वर्षांच्या डॉक्टरीनंतर काल आलेल्या मुलीचं म्हणणं पटलं की पटलं. बाई मला सर्वांत मोठ्या वाटल्या त्या याच क्षणी.

माहेरच्या रकान्यावरून मात्र उलटं झालं. मुलीने रकाना केला, पण म्हणाली, "मॅडम, तुमच्यानंतरचा डॉक्टर हे भरणार नाही. घाईत असला की रिकामं सोडून पुढे जाईल."

"मग पुढे जाऊ देऊ नकोस."

"म्हणजे सक्तीचं करू? ते भरल्याशिवाय पुढचं पान उघडणारच नाही. लोक वैतागतील हां."

"वैतागू देत. तेवढा वेळ तरी पेशंटकडे बघतील."

तर असं ते सॉफ्टवेअर ठरलं. ना टायवाल्याचं, ना अमेरिकेचं. त्यात मिश्री होती, लाल अक्षरं होती, गुरुवारी बॅटरीवर चालायची सोय होती आणि सगळ्यांच्या वर माहेर-आजोळ होतं.

आता भरायचं काम. ते अर्थातच दुकानदारावर आलं. दुपारी दुकान बंद करायचो, बाईंच्या टेबलाशी बसायचो आणि दोन बोटांनी टाइप करायचो. बाई खोक्यातून कार्ड काढून सांगायच्या. कार्डावर लिहिलेलं थोडं आणि त्यांनी सांगितलेलं पुष्कळ. ही बोलत नाही, हिला तीनदा विचारावं. हा गोळ्या घेतो म्हणतो, घेत नाही. हिच्या आईला पन्नाशीत साखर निघाली, हिचीही बघत राहा. मी टाइप करता करता इतकी माणसं ओळखायला लागलो की बाजारात लोकांकडे बघताना अवघडायला व्हायचं.

मध्येच बाई अडायच्या. डोळे मिटायच्या. "थांबा, येईल." मी थांबायचो. बाहेर कारखान्याचा भोंगा व्हायचा, बसचे हॉर्न वाजायचे. कधी यायचं, आणि आलं की लहान मुलीसारख्या टेबलावर थाप मारायच्या. कधी यायचं नाही. मग म्हणायच्या, "सोडा. ती आली की तिलाच विचारू." सुरुवातीला असं क्वचित व्हायचं. पावसाळा संपेपर्यंत रोज व्हायला लागलं. हे आम्ही दोघेही पाहत होतो. मी फक्त टाइप करायचा वेग वाढवला. पत्ते खेळणं केव्हाच बंद झालं होतं.

शेवटच्या खोक्यातलं शेवटचं कार्ड संपलं तेव्हा बाईंनी रिकामं खोकं हातात घेऊन उलटं केलं, तळाला थोपटलं आणि म्हणाल्या, "चला. आता मी विसरले तरी चालेल."

मला हे ऐकवलं नाही. मी चहा सांगायला बाहेर गेलो.

त्यानंतर काही महिन्यांनी बाईंची भाची कोल्हापूरहून त्यांना न्यायला आली. बाईंना स्वतःचं असं दुसरं कोणी नव्हतं. गाडीत सामान चढत होतं तेव्हा त्या माझ्या स्टुलावर बसल्या होत्या, हातात पर्स, पायात नवे बूट. माझ्याकडे त्या बराच वेळ बघत होत्या. ओळखीचा माणूस आहे एवढं कळत होतं. मग मान जराशी तिरकी झाली, उजवी मूठ आपोआप मिटली.

"तुमचं आजोळ कुठलं?"

"औशाजवळचं एक खेडं आहे, बाई."

"मग तिखट कमी खा," त्या म्हणाल्या. "सोडू नका, कमी खा."

मी "हो" म्हणालो. भाचीने त्यांना हात दिला. गाडी पुण्याकडे वळून दिसेनाशी झाली तरी मी काउंटरमागून हललो नाही. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांनीही घाई केली नाही.

दवाखान्यात आता एक तरुण डॉक्टर आला आहे. हुशार आहे, झपझप काम करतो. पहिल्या सोमवारी नेऱ्याचं माहेर असलेली हिराबाई आपल्या नव्या सुनेला घेऊन आली. माझ्या दुकानासमोरून जाताना तोंड पाडून म्हणाली, "बाई न्हाईत, आता कोन वळखतंय आमाला हितं."

जरा वेळाने आतून हाक आली. "काका, जरा या हो. हे अडकलंय."

गेलो. पडद्यावर सुनेचं नाव भरलेलं, जन्मतारीख भरलेली आणि त्याखाली माहेरचा रकाना रिकामा. डॉक्टर डाव्या हाताने बटण दाबत होता आणि पान पुढे सरकत नव्हतं. नळ्या त्याच्या कानात होत्या.

"अडकलं नाही," मी म्हटलं. "तिला विचारायचंय."

त्याने एक सुस्कारा सोडला, खुर्ची वळवली आणि ती आल्यापासून पहिल्यांदाच त्या मुलीकडे पाहिलं.

"माहेर कुठलं तुमचं?"

पोरीने इतका वेळ खाली घातलेली मान वर केली. हिराबाई बाकावर पुढे सरकून बसली. पोर सांगायला लागली, गावाचं नाव, मग गाव कुठल्या फाट्यावरून आत जातं ते, मग तिथल्या नदीचं. डॉक्टर थांबला होता. त्याला थांबणं भागच होतं. आणि स्टेथोस्कोपची चकती, ठेवायला दुसरी जागा नाही म्हणून, त्याने उजव्या मुठीत धरून ठेवली होती.